माझ्या दिराची जनावरं

गेल्या काही वर्षांत आमच्या अख्ख्या दांडी गावाने मिळून दर्यातून जेवढी मासळी काढली नसेल, तेवढी जनावरं माझ्या धाकट्या दिराने घरातल्या टीव्हीत मारली. साधीसुधी नव्हेत, पंखांची, आग ओकणारी, डोंगराएवढी. त्या खेळात चार शिकारी मिळून एका जनावराच्या मागे लागतात, ते पडलं की त्याची हाडं-कातडी काढून त्याचंच चिलखत करतात, आणि ते घालून त्याहून मोठ्या जनावराकडे निघतात. खेळाचा नवा भाग आला की भावजी बोईसरच्या कारखान्यासाठी आजारी पडायचे आणि घरी खडखडीत असायचे. चाळिशीला आलेला, मिशीवाला माणूस. कानाला यंत्र लावून कुठल्या कुठल्या तीन सोबत्यांवर असा ओरडायचा की शेजारचे लोक कुणाची बोट किनाऱ्याला लागली म्हणून बाहेर येऊन बघायचे.

कारखान्यात खोकी भरायला लागण्याआधी ते आमच्या बोटीचे तांडेल होते. बोट कुठे न्यायची, जाळं कधी टाकायचं, सगळं त्यांच्या शब्दावर. मासळी कमी होत गेली तसे ते बोटीवरून उतरले, पण तांडेलपण काही उतरलं नाही. टीव्हीत जनावर दिसलं की सोबत्यांना धावू देत नसत. आधी ते पाणी कुठे पितं, कुठल्या पायावर भार देतं, ते बघत बसायचं. आमच्याकडे मासळीचे वाटे करताना एक वाटा बोटीचा काढतात, तिच्या डागडुजीसाठी. भावजी मेलेल्या जनावराचाही एक तुकडा तसाच सोडायचे. एका सोबत्याने विचारलं, "तांडेल भाई, इधर नाव किधर है?" तर म्हणाले, "नाव नहीं है तो क्या हुआ, उसका हिस्सा तो है." पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा ते खेळातल्याही पाण्यातल्या जनावराला हात लावत नसत, रानातलीच मारत. अंडी घालायचे दिवस हायत, म्हणायचे. सासूबाई म्हणायच्या, कारखान्याच्या वासाने याचं डोकं बिघडलं. आमचे हे म्हणायचे, बिघडलेलाच गेला होता.

मागच्या वर्षी बोट विकायची बोलणी सुरू झाली. भावजींनंतर बोट ह्यांच्याकडे आली, आणि ह्यांनी जाळं टाकावं नि मासळीने तिथून उठून जावं, हे सगळं गाव जाणतं. बोट गेली की मला गावचा बाजार सोडून, दुसऱ्यांची मासळी घेऊन बोईसरच्या बाजारात अनोळखी लोकांत बसावं लागणार होतं, आणि मला तर गिऱ्हाइकाला हाकही धड मारता येत नाही. दिराशी मी आपणहून कधी बोलले नव्हते. त्या दिवशी भात वाढताना एवढंच म्हटलं, "भावजी, एक हंगाम तरी बोटीवर या." ते नारळी पुनवेनंतर कारखाना सोडून बोटीवर चढले.

बरेच दिवस जाळ्यात प्लास्टिकच येत राहिलं. मग एका सकाळी जाळं जड लागलं. भावजींनी वाकून पाहिलं, तर पापलेटची पिल्लं, तळहाताहून लहान. जाळं बोटीत घ्यायच्या आधीच त्यांनी त्याचं तोंड मोकळं केलं. सगळं पाण्यात परत गेलं. हे अंगावर धावून गेले. म्हणाले, "अरे, हा खेळ नाय, घर हाय."

"म्हणूनशान सोडली," भावजी म्हणाले.

मागून येणाऱ्या बोटीने त्याच ठिकाणी जाळं टाकलं आणि ती पिल्लं भरून नेली. दुसऱ्या दिवशी गावच्या बाजारात माझ्या शेजारणीपुढे त्यांचा ढीग होता आणि माझी पाटी रिकामी. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "तुमच्या तांडेलानं आमच्यासाठी राखली गो, त्याला सांग, असाच खेळत रहा." बायका हसल्या. मीही हसले, दुसरं काय करणार होते?

हंगाम संपायच्या आत बोट गेली. मुरबे गावच्या एका माणसाने नेली. भावजींना कारखान्यात परत घेतलं, पण पहिल्यापेक्षा कमी पगारावर. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. तशी मी आधीही बोलत नव्हते, त्यामुळे हे त्यांच्या लक्षात यायला वेळ लागला.

परवा दुपारी भावजींपुढे चहा ठेवायला गेले तर टीव्ही चालू होता. मी वळले तेव्हा ते पडद्याकडे बघतच म्हणाले, "वहिनी, हितं मारलेलं जनावर उद्या परत येतं. मला वाटलं, तिकडं दर्यात सोडलेलं तरी येल."

मला राग आणायचा होता, तो आला नाही. मी दाराशी टेकून उभी राहिले. पडद्यावर एक जनावर जखमी होऊन लंगडत गुहेत गेलं आणि अंग मुडपून झोपलं. भावजींचा शिकारी तलवार घेऊन त्याच्या उशाशी पोचला. मी वाट बघत होते, पण ते काही मारेनात. त्यांनी हातातलं यंत्र मांडीवर ठेवलं आणि चहाचा कप उचलला. जनावराचं पोट श्वासाबरोबर वरखाली होत होतं. आम्ही दोघं ते बघत राहिलो.