मावशींच्या खाचरातला अमोनिया

"तेवढ्यानं काय हुतंय!" असं म्हणायचं आणि पदर खोचून पुढच्या कामाला लागायचं, ही मावशींची रीत. माझ्या डोक्यात मात्र तिडीक जायची.

असं एखादं माणूस तुमच्याही ओळखीत असेलच. मला ते वडिवळ्याला भेटलं. रानात शेणखत पसरलं की त्यातला अमोनिया वाऱ्यावर उडून जातो, म्हणजे पिकाच्या तोंडचा घासच जातो. तो किती जातो हे मोजायचं आमचं काम. मावशींनी त्यासाठी भाताचं खाचर दिलं, गोठ्यातलं खतही दिलं. मधोमध आम्ही लोखंडी खांब रोवला आणि त्यावर हवेतला अमोनिया टिपणाऱ्या आम्लाच्या बाटल्या लावल्या.

दुसऱ्याच सकाळी बघते तर खांबाला शेळी बांधलेली. खाली मुताचं थारोळं.

"अहो मावशी, मुतातूनही अमोनियाच येतो! आता हा आकडा खताचा म्हणू की शेळीचा?"

"एवढीशी शेळी ती. तेवढ्यानं काय हुतंय!"

शेळी हलवली. मग एके दिवशी बाटल्या काठोकाठ भरलेल्या.

"उन्हानं आटलं हुतं. पानी घालून ठिवलं," मावशी म्हणाल्या, आणि शाबासकीसाठी माझ्याकडे बघत राहिल्या.

सगळे नमुने वाया गेले. मी बांधावर डोकं धरून बसले.

"रडू नगं. परत पसरू की खत. गोठा काय पळून चाललाय व्हय?"

आणि भर उन्हात पाट्या वाहून त्यांनी पुन्हा खत पसरलं. आता अशा बाईवर रागवायचं तरी कसं?

पुढे गावात कुणीतरी उठवलं, की हे मशीन शेणखत बंद करायला आलंय. काहीजण खांब उपटायला आले. मी घसा कोरडा करून समजावलं, पण कुणी ऐकेना. तेवढ्यात मावशी आल्या आणि खांबाला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"ही काय मोजतीया ते मला बी कळत न्हाई. पर रान माजं हाय. हिचं काम हुईस्तवर कुणी हात लावायचा न्हाई!"

माणसं कुरकुरत परत गेली. मी आभार मानायला गेले, तर म्हणाल्या, "लय तापतो गं तुजा खांब. पाठ पोळली."

आम्ही सामान काढलं त्याच दिवशी त्यांची विकलेली म्हैस न्यायला टेम्पो आला. गुडघे साथ देईनात, म्हणून मुलगा त्यांना तळेगावच्या फ्लॅटवर नेणार होता. म्हैस काही केल्या चढेना. कुणी ढकललं, कुणी शेपूट पिरगाळलं.

"मारू नगा तिला!" मावशी ओरडल्या. दुखऱ्या गुडघ्यांनी फळीवरून स्वतःच टेम्पोत चढल्या. "ये, बाय."

म्हैस मुकाट्याने मागोमाग चढली.

"आई, आता उतर," मुलगा म्हणाला.

"तिला नव्या गोठ्यात बांधते, मग येते."

कुणाचं काही न ऐकणारी बाई. मुलाचं तरी काय ऐकणार! टेम्पो कामशेतच्या रस्त्याला लागला. मावशी मला शेवटच्या दिसल्या त्या तिथे, म्हशीच्या मानेवर हात टाकून उभ्या, आमच्याकडे पाठ करून.