गयाअक्काचा डावा पाय

फोन कौसाबाईंचा होता. मी वर्गावर होते म्हणून पहिल्यांदा उचलला नाही. लगेच दुसऱ्यांदा वाजला तेव्हा व्हरांड्यात आले. "बाई, अक्का गेली," त्या म्हणाल्या. "दूध घातलं, वट्यावर टेकली अन् बसल्या जागी मान टाकली. डॉक्टर आलते. हार्ट म्हनले." अशा वेळी माणूस काय वाटेल ते विचारतो. मी विचारलं, "डेअरीवर चालत आली होती का?" त्या म्हणाल्या, "चालतच की. रोज येती तशी." मी भिंतीला टेकून रडले, पण त्या रडण्यात थोडं समाधानही होतं. ते का, हे सांगायलाच लिहायला बसले आहे. बौद्ध रीतीनं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊन काही आठवडे झाले. तिच्याबद्दल नुसतं "प्रेमळ होत्या, कष्टाळू होत्या" एवढंच लिहिलं तर ती मला सोडणार नाही.

गयाअक्का म्हणजे माझी थोरली नणंद. नवरा लवकर गेल्यावर ती लिंबागणेशच्या पुढच्या आमच्या लहानशा गावात, माहेरीच राहिली. दोन गाई घेतल्या आणि चार घरच्या बायका जमवून महिलांची दूध संस्था काढली. बौद्ध वस्तीतली बाई चेअरमन झाली तेव्हा काहींच्या पोटात दुखलं; पण दुधाची गाडी रोज वेळेवर यायला लागल्यावर ती पोटदुखी आपोआप थांबली. संस्थेच्या सचिव कौसाबाई, पाटलांच्या घरच्या सून. दोघी दिवसभर भांडायच्या आणि संध्याकाळचं दूध मोजायला शेजारी बसायच्या. अक्काला साखर होती, म्हणजे मधुमेह, आणि ती गोळी आठवण आली तरच घ्यायची. दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात चारा छावणी लागली आणि ती दिवसभर छावणीतच. गोठ्यांच्या रांगा, टँकर, उसाचे वाढे, सगळं तिला स्वतः बघायचं असायचं. एके दिवशी चपलेतून खिळा आत गेला आणि बाईसाहेबांना संध्याकाळपर्यंत पत्ता नाही! साखरेनं तळव्याची जाणीवच गेलेली. चप्पल काढली तेव्हा रक्त वाळून चिकटलं होतं. त्यावर हळद भरून ती दुसऱ्या दिवशी पुन्हा छावणीत.

बीडला डॉक्टरांकडे नेलं तोवर डाव्या पायाची करंगळी काळी पडली होती आणि जखम हाडापर्यंत गेली होती. डॉक्टर भले होते. म्हणाले, करंगळी काढावीच लागेल; जखम अशीच वर सरकत राहिली तर गुडघ्याखालून पाय जाईल. त्याआधी पुण्याला पायाचा रक्तपुरवठा तपासून घ्या, तिथे दाबाखाली ऑक्सिजन देण्याचा उपचार असतो, जमतं का बघा. अक्कानं एवढंच विचारलं, "एका पायानं धार काढता येती का?" डॉक्टरांनी पुण्याची चिठ्ठी लिहायला घेतली. "मंग पुन्याला जायाचं," ती म्हणाली. माझ्या शाळेला सुट्टी होती, म्हणून सोबत मी.

निघायच्या दिवशी अंगणात ही गर्दी! "अक्काला ऑक्सिजन लावायला न्यायलेत" एवढंच गावात पसरलं होतं. आमच्याकडे नाकाला नळी लागली म्हणजे माणूस संपला, असाच हिशेब. बायका गळ्यात पडून रडत होत्या. एका म्हातारीनं तर "काई चुकलं असंल तर पोटात घाल" म्हणून हात जोडले. अक्का जीपमधून ओरडली, "कावून रडायल्या गं? मी मरायला न्हाई, बरं व्हायला जायलेव. सांच्याला दूध पातळ आलं तर आल्यावर एकेकीला बघते!" तरीही कुणीतरी प्रेमानं तिच्या डोक्यावर वाटीभर खोबरेल ओतलंच आणि ठेवणीतली म्हणून चकचकीत नायलॉनची साडी नेसवली. पुण्यात या दोन्ही गोष्टी नडल्या. ज्या बंद यंत्रात झोपवून हा उपचार देतात, तिथल्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये ठिणगी पडली तर क्षणात भडका उडतो. तेल, मलम, बाम, काडेपेटी, मोबाइल, नायलॉन, काहीच आत चालत नाही. फक्त त्यांनी दिलेले सुती कपडे. तिथल्या सिस्टरनं शांपूची पुडी हातात दिली आणि म्हणाली, "आज फक्त केस धुवा. उद्या या." दुसऱ्या दिवशी अक्का उपाशीपोटी हजर. ऑपरेशनला जसं काही खायचं नसतं तसंच इथं, हे तिनं मनानंच ठरवलेलं! सिस्टरनं आधी साखर तपासली, कपाळाला हात लावला आणि तिला जेवायला बसवलं. साखरवाल्यांची साखर त्या यंत्रात आणखी उतरू शकते. उपाशी आत गेलं तर चक्कर यायची.

तिथले डॉक्टर जरा कोरडे वाटले, पण मला आवडले, कारण त्यांनी हमी दिली नाही. पायात रक्त किती पोचतं ते आधी मोजलं, छातीचा एक्सरे काढला, फुप्फुसाचा कुठला जुना आजार आहे का, कानाचं ऑपरेशन झालंय का, हे खोदून विचारलं. मग म्हणाले, "आजी, यंत्र एकटं पाय वाचवत नाही. रक्तातून जखमेपर्यंत जास्त ऑक्सिजन पोचवतं, एवढंच त्याचं काम. मेलेलं मांस आम्ही काढणार, औषधं चालू राहणार, साखर तुम्ही सांभाळायची, पायावर वजन टाकायचं नाही आणि तंबाखूची मिश्री बंद." बाकी सगळ्याला अक्का हो म्हणाली. मिश्रीला मात्र तिचा चेहरा असा पडला, की पाय कापायचा म्हटल्यावरही पडला नव्हता.

यंत्र म्हणजे माणूस आडवा मावेल एवढी पारदर्शक नळकांडी. झोपवतात, आत सरकवतात, दार लावतात आणि हळूहळू दाब वाढवतात. घाट उतरताना एसटीत कानात दडे बसतात, तसे बसतात. आवंढा गिळायचा, जांभई द्यायची, नाक धरून हलकेच फुंकर मारायची. दुखलं तर लगेच सांगायचं, सहन करायचं नाही. अक्का आयुष्यभर सहन करण्यातच वाढलेली, तिला हेच सगळ्यात अवघड गेलं. पहिल्या दिवशी दार लागताच तिचे डोळे मोठे झाले. आत फोनसारखी सोय असते. तिचा आवाज आला, "मला भाईर काढा म्हनलं तर?" यंत्र चालवणाऱ्या माणसानं खरं ते सांगितलं, की आम्ही लगेच दाब उतरवायला लागू, पण दार एका झटक्यात उघडत नाही, थोडा वेळ लागतो, तुमच्याकडे मात्र सतत बघत राहू. अक्का म्हणाली, "बघत ऱ्हा म्हंजे झालं." काचेबाहेर मी बसलेली तिला दिसत होते. दीड-दोन तास ती आत आणि मी बाहेर, रविवार सोडून रोज. एकदा तिला सर्दी झाली तर कानांसाठी त्या दिवशीचा उपचार रद्द केला; अक्का अशी चिडली की जणू गाडीच चुकली.

तीन आठवड्यांनी माझे यजमान आले. पट्टी सोडली तेव्हा त्यांनी पाहिलं. जखम होती तेवढीच दिसत होती. बाहेर येऊन ते म्हणाले, "अक्का, पुरं कर आता. कापून टाकू, जयपूर फूट बसवू, लोक पळतात त्याच्यावर." भाऊ म्हणून त्यांचा जीव तुटत होता, हे मला दिसत होतं. मीही मनातून डगमगले होते. अक्कानं भावाला शेजारी बसवलं. "कापायचं म्हनले डॉक्टर तर कापीन," ती म्हणाली. "जीव जाऊ देनार न्हाई पायापायी. पन तू घाबरलास म्हनून न्हाई कापनार." दोघंही तसेच डॉक्टरांपुढे जाऊन बसले. डॉक्टरांनी जखमेच्या तळाशी दाण्यादाण्याचं लाल मांस आलेलं दाखवलं. म्हणाले, "हे नसतं तर मीच थांबवलं असतं." यजमान परत जाताना माझ्याकडे पिशवी देऊन गेले, आत अक्कासाठी सुती साडी होती.

पुढे जखम भरत गेली, फार सावकाश. मधेच तिला लांबचं धूसर दिसायला लागलं. डॉक्टर म्हणाले, उपचार संपल्यावर नजर बहुधा पूर्ववत होईल, घाईनं नवा चष्मा करू नका. तसंच झालं. करंगळी गेली, पाय राहिला. पावसाळ्यानंतर ती जाड तळव्याचे बूट घालून डेअरीत शिरली तेव्हा काही जणी खरोखर दचकल्या.

त्यानंतर अक्का गप्प बसणाऱ्यातली होती होय? महिन्याच्या बैठकीला दुधाचं बोलणं झालं की साखरवाल्या बायकांनी चपला काढून ओळीत बसायचं. तळवे, टाचा, बोटांच्या बेचक्या, ती हातानं फाकवून बघायची आणि शेजारी बसलेल्या कौसाबाई प्रत्येकीला पाय कसा आहे ते सांगायच्या. कौसाबाईंच्या सासूबाईंचे पायही तिनं मांडीवर घेऊन बघितले, आणि त्यांनीही बघू दिले. आजूबाजूच्या गावांतून लोक विचारायला यायचे. घाटनांदूरहून एकजण बोलत नसलेल्या लेकराला घेऊन आला. कुणीतरी त्याला याच यंत्राची खात्री दिली होती. अक्कानं लेकराला पेढा दिला आणि बापाला म्हणाली, "येच्यासाठी न्हाई ते, बाबा. मोठ्या डॉक्टरला इचार, हे मशीन कशाकशावर चालतं अन् कशावर न्हाई. सगळ्यावर चालतं म्हनला तर तसाच उठ अन् घरी ये." तो माणूस हिरमुसून गेला. अक्का त्या रात्री नीट जेवली नाही... पण तिनं शब्द फिरवला नाही.

त्या फोननंतर आम्ही गावी पोचलो तेव्हा अंगणात शेवटच्या आंघोळीची तयारी झाली होती. साड्यांचा आडोसा धरला होता. मी डोक्याशी बसले; पायांशी कौसाबाई. त्यांनी तांब्यानं पाणी घातलं, डावा पाय हातात घेतला, टाच चोळली आणि मग कुणी न सांगता एकेक बोट फाकवून आत बघितलं. करंगळीच्या रिकाम्या जागेवरून अंगठा फिरवला. पदराच्या टोकानं बेचक्या कोरड्या केल्या. बैठकीत अक्काच्या शेजारी बसून सांगायच्या, त्याच सवयीच्या आवाजात त्या म्हणाल्या, "काई न्हाई. पाय एकदम चांगला हाय." आणि मग तो पाय तसाच छातीशी धरून राहिल्या.