मोठ्या अक्षरांच्या कहाण्या

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षर ओळीवर राहत नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली. हे कुणाला दाखवायला लिहीत नाही, तरी कुणाच्या हाती पडलं तर सांभाळून घ्यावं.

श्रावणातल्या शुक्रवारी सासूबाई कहाण्या वाचायच्या. इथं कानडी मुलखात गल्लीतल्या आमच्या मराठी बायका हातात अक्षता घेऊन ऐकायच्या. मग सासूबाईंची नजर अधू झाली. मी अडखळत वाचते, त्यातून चारचौघींत माझं तोंड उघडत नाही. म्हणून ह्यांनी ऑफिसनं काढून टाकलेला कॉम्प्युटर घरी आणला आणि दुकानातून कहाण्यांची फ्लॉपी विकत घेतली. पडद्यावर चिंचोक्याएवढी अक्षरं. सासूबाईंचं वाचन पुन्हा सुरू झालं.

पुढच्या वर्षी ऐन श्रावणाच्या तोंडावर तो कॉम्प्युटर बंद पडला. दुसरा आणला, तर त्यावर फ्लॉपी उघडेना. दुकानदार म्हणाला, ती पहिल्याच कॉम्प्युटरवर चालते, आता नवी घ्या.

माडीवर पुण्याची एक मुलगी भाड्यानं राहायची, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला. ती म्हणाली, "काकू, फ्लॉपीला घातलेलं हे कुलूप मी काढून देते. पण फ्लॉपी बनवणाऱ्या कंपनीला ते चालत नाही हं."

"कपाट बदललं म्हणून साडी परत विकत घ्यायची का?" सासूबाई म्हणाल्या.

मला ते पटलं. तिनं कुलूप काढलं आणि जाता जाता म्हणाली, "आता कागदावरही छापता येईल." झालं. दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी सगळ्या बायकांकडून छपाईचे पैसे गोळा केले.

ते मात्र माझ्या गळ्याखाली उतरेना. स्वयंपाकघरात त्यांना गाठलं.

"आई, साडी आपली, आपण नेसावी. पण तशाच दहा काढून वाटल्या तर विणणाऱ्यानं काय खायचं?"

"चौथी शिकलीस आणि मला शिकवतेस?"

"सरी," मी इथल्या कानडीत 'बरं' म्हटलं, "नाही शिकवत. पण बायका ऐकायलाच येतात ना? तुम्ही वाचलं की झालं."

सासूबाईंनी हातातली वात खाली ठेवली. मग म्हणाल्या, "पैसे मी मागितले. परत करायला तू जा."

मी एकटी कुणाच्या दारात कधी गेले नव्हते. पहिल्या घरातली अक्का पैसे मोजत म्हणाली, "सुनेनं सासूला दंड केला वाटतं." मी मान खाली घालून पुढच्या घरी गेले.

शुक्रवारी बायका आल्या. सासूबाईंनी पडद्यावरून वाचलं, न अडखळता.

एक अक्का तेवढी नव्हती, छपाईचे पैसे देऊन ती धारवाडला लेकीकडे गेली होती. ती आली तेव्हा श्रावण सरत आला होता. तिच्या हातावर तिचे पैसे ठेवले, आणि सगळ्यांचे पूर्ण फिटले.