खिळेताईंची फुकटातली वेबसाइट

खिळेताई तोंडात खिळे धरून बोलतात. सोफ्याच्या सांगाड्यावर कापड ताणायचं, जिभेने एक बारीक खिळा ओठांवर आणायचा, लोहचुंबकाच्या हातोडीने उचलायचा आणि ठोकायचा. हात दोनच, म्हणून तोंडालाही कामाला लावावं लागतं. तशा भरल्या तोंडाने त्यांनी संसार केला, नवऱ्याला घराबाहेर काढलं आणि मुलाला इंजिनियर केलं. आजवर एकही खिळा गिळला नाही. गिऱ्हाइकं मात्र दोन-तीन गिळली असतील, असं त्यांचा धाकटा भाऊ सांगतो. तो दुकानात फोम कापतो आणि मतं देतो.

दुकानाच्या वरच्या खोलीत एक मुलगी भाड्याने राहते. साहित्याची पदवी आहे, नोकरी नाही. ताई तिला कवयित्री म्हणतात. तिने जन्मात कवितेची एक ओळ लिहिलेली नाही. तसं तिने सांगूनही पाहिलं.

"बरं झालं," ताई म्हणाल्या. "म्हणजे वेळ आहे तुझ्याकडे. मला वेबसाइट करून दे."

कवयित्री बघतच राहिली. तोवर तिने ताईंना फोनचे दोनच उपयोग करताना पाहिलं होतं. एक बोलणं, दुसरा डास मारणं.

कारण साधं होतं. नाट्यगृहाच्या सहाशे खुर्च्या नव्याने मढवायच्या होत्या. समितीने कळवलं होतं की वेबसाइट असेल त्यांचाच विचार होईल, सोमवारपर्यंत पत्ता पाठवा. काचेच्या शोरूमवाल्याची वेबसाइट होती. ताईंच्या दुकानाला धड पाटीही नव्हती.

"आणि नाही मिळालं काम तर?"

"तर मुलगा जिंकला."

मुलाने दुसऱ्या शहरात आईसाठी खोली तयार ठेवली होती. खिडकीत कुंडी, समोर टीव्ही आणि बटण दाबलं की मागे झोपणारी खुर्ची. हे मोठं काम मिळालं नाही तर दुकान बंद करून येईन, असा शब्द ताई त्याला देऊन बसल्या होत्या.

"त्या खुर्चीत एकदा बसले ना, की उठणार नाही मी," ताई म्हणाल्या. "आत काय भरलंय तिच्या, ते मला माहीत आहे. आणि हे बघ, फुकटात कर. एक छदाम मिळायचा नाही."

फुकटात वेबसाइट बनवून देणाऱ्यांकडे तयार नमुने असतात. ताईंनी ते कापडाच्या ठाणांसारखे झरझर उलटले. एकावर बोट ठेवलं. स्वच्छ, पांढरा, मध्ये एकच गडद हिरवा रंग. तो त्वचारोगतज्ज्ञाचा नमुना होता.

"ताई, हा कातडीच्या डॉक्टरचा आहे."

"मग आमच्यातलाच झाला की. तोही वरून मढवतो."

नमुन्यात पाच डॉक्टर हसत उभे होते. भाऊ म्हणाला, "हे राहू देत. आपला स्टाफ म्हणून."

"आपला स्टाफ कधी अशी अंघोळ केलेला दिसतो का?"

डॉक्टर गेले. कवयित्रीने आपले नियम सांगितले. रंग दोनच. अक्षर एकाच वळणाचं. फोटो सगळे एका उजेडात. फोन नंबर सगळ्यात वर. पत्त्याच्या शेवटी फुकट देणाऱ्या कंपनीचं नाव येणार आणि तळाला तिच्या जाहिरातीची पट्टी राहणार, हेही तिने चाचरत सांगितलं.

"तळाला ना? राहू दे. सोफ्याच्या पाठीला आपणही स्वस्तातलं कापड लावतो. भिंतीकडे असतं ते."

मग तिने मजकूर लिहिला. 'परंपरा, विश्वास आणि कलात्मकता यांचा अनोखा संगम.' ताईंनी तो दोनदा वाचला.

"कोण गेलं?"

"म्हणजे?"

"श्रद्धांजली दिसतेय. कोण गेलं?"

शेवटी राहिलं ते एवढंच: 'सोफे, खुर्च्या मढवून मिळतील. फोन करा.'

फोटोंसाठी खिडकीपाशी पांढरी चादर ताणली. भाऊ ती धरून उभा राहिला. दोन फोटोंत त्याचे अंगठे आले, ते कापले. रविवारी दुपारी पानं जोडून झाली आणि कवयित्रीला जरा भीतीच वाटली. जिच्या लिफ्टमध्येसुद्धा माणूस हळू बोलेल, अशा कंपनीची वेबसाइट दिसत होती. एकच पान रिकामं होतं. डॉक्टरच्या नमुन्यात त्यावर 'उपचारापूर्वी' आणि 'उपचारानंतर' असे चेहरे होते. जेवून येऊन ते काढून टाकू, असं म्हणून ती वर गेली.

तेवढ्यात ताईंनी ते भरलं.

सोफा उसवला की आतून वस्तू निघतात. दुकानाचा नियम असा की गिऱ्हाइकाला एकदा विचारायचं. गिऱ्हाईक दरवेळी म्हणतं, आमचं नाही. आमचं म्हटलं तर सोफा कधी झाडला नाही हे कबूल करावं लागतं. मग ती वस्तू बिस्किटाच्या डब्यात जाते. असे डबे फळीभर साठले होते. ताईंनी निवडक ऐवज त्याच चादरीवर, त्याच उजेडात मांडला. वर मथळा दिला: 'सापडलं. विचारलं. नाही म्हणाले.' एका कानातलं, डॉक्टरांचा सोफा, डावा कोपरा. सिगारेटचा लायटर, योगशिक्षिकेची आरामखुर्ची. दातांची खालची कवळी, नाट्यगृह समितीचे अध्यक्ष, मधली गादी.

मग बटण दाबलं. पत्ता समितीला पाठवला. हात लागलाच आहे तर सगळ्या गिऱ्हाइकांना आणि मुलालाही पाठवला.

"ताई! हे काय करून ठेवलंत?" जेवून खाली आलेली कवयित्री ओरडली.

"प्रामाणिकपणा दाखवलाय. शोरूमवाल्याकडे आहे का असं पान?"

"अध्यक्षांची कवळी आहे इथे!"

"सुरेख आलीय ना?"

आली होती. खाली मऊ सावली, हिरड्यांना हलकी गुलाबी झाक. सराफाच्या जाहिरातीत शोभली असती. अध्यक्ष प्रत्येक भाषणात सांगायचे की या वयातही मी स्वतःच्या दातांनी अक्रोड फोडतो.

कवयित्रीने पान काढायला हात घातला, तोच फोन वाजला. योगशिक्षिका होत्या. लायटर पाहुण्यांचा आहे म्हणाल्या. आता काढून उपयोग नव्हता.

सोमवारी समितीने ताईंना बोलावलं. कवयित्री सोबत गेली, मुख्यतः ताईंना गप्प ठेवायला. लांब टेबलाच्या मधोमध अध्यक्ष बसले होते, ओठ घट्ट मिटून. सचिवांनी सुरुवात केली.

"वेबसाइट उत्तम आहे. अगदी व्यावसायिक. फक्त ते एक पान..."

"ती वस्तू माझी नाही," अध्यक्ष म्हणाले.

"तुमच्या घरच्या बाईसाहेबही तेच म्हणाल्या होत्या," ताई म्हणाल्या. " दारात उभं राहून विचारलं होतं मी."

कुणीतरी खोकलं. सचिव घाईने म्हणाले, "पान काढा, आणि काम तुमचं समजा."

कवयित्रीने टेबलाखालून ताईंना चिमटा काढला. हो म्हणायचं, उठायचं, एवढंच उरलं होतं.

"काढते," ताई म्हणाल्या. कवयित्रीने श्वास सोडला. "पण मग एक सांगा. सहाशे खुर्च्या उघडणार मी. इतकी वर्षं माणसं तिथे अंधारात बसलीत, तुम्हीही बसलात. काय काय निघेल देव जाणे. ते विचारायचं कुणाला? एकेक वस्तू घेऊन इथे टेबलावर येऊ?"

"टेबलावर नको," खजिनदार पटकन म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

उपाध्यक्षबाई विचारात पडल्या. "शोरूमवाल्याने माझे दोन सोफे केले. त्याला कधीच काही सापडलं नाही. असं कसं?"

टेबलाभोवती सगळ्यांनी मनात आपापले सोफे मोजले.

"पान राहू दे," शेवटी उपाध्यक्षबाई म्हणाल्या. "फक्त कुणाचं ते लिहू नका. ज्याचं असेल तो ओळखेल."

"आणि आधीच लिहिलंय ते?" अध्यक्षांनी छताकडे बघत विचारलं.

"आजच पुसते. न्यायला कुणी आलं तर मी तोंड बघत नाही, साहेब. वस्तू देते."

अध्यक्षांनी मान डोलावली. काम ताईंना मिळालं.

नाट्यगृहाच्या पायऱ्यांवरच ताईंनी मुलाला फोन लावला आणि मोठ्याने सांगितलं, "मी येत नाही. काम मिळालं."

"ते राहू दे आई," पलीकडून मुलगा म्हणाला. "तू वेबसाइटवर काय टाकलंयस? माझे सासरे सकाळपासून विचारतायत, असं कुणाचंही टाकतात का म्हणून."

"त्यांचा सोफा मी कधी उघडलेला नाही," ताई म्हणाल्या. "का रे, काय हरवलंय त्यांचं?"