ग्लोव्हजमधले हात

शेजारच्या सुनंदाताईंचा विराज हेवीवेट बॉक्सर. वर्षभरात तो क्रमवारीत असा काही वर चढला, की त्याची लढत म्हणजे आमच्या मजल्यावर सणच. काल त्यांच्याच घरी आम्ही टीव्हीसमोर दाटीवाटीनं बसलो होतो. पहिल्याच फेरीत विराजचा ठोसा बसला, समोरचा मुलगा कोसळला आणि आम्ही टाळ्या वाजवत उठलो.

विराजनं मात्र हात उंचावले नाहीत. तो गुडघ्यांवर बसला आणि त्या मुलाचा श्वास अडकू नये म्हणून त्याच्या तोंडातला माउथगार्ड काढू लागला. फुगीर ग्लोव्हजमध्ये तो धरताच येईना. त्या हातांना एवढं साधं काम जमत नव्हतं. माझी टाळी मध्येच थांबली.

विराज क्रमवारीत कितवा आला, एवढंच आम्ही दर वेळी विचारत होतो. हरलेला घरी कसा गेला असेल, हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

सुनंदाताई पडद्याच्या अगदी जवळ गेल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "अरे, कुणीतरी विराजचे ग्लोव्हज काढा रे आधी."