अंतऱ्याआधीची बांगडी

बातमी आली तेव्हा मी औंधात न्हाव्याच्या खुर्चीत बसलो होतो. अर्धी दाढी झाली होती. फोन शबानाचा, रमजानभाईच्या लेकीचा. ती सांगलीला असते आणि मला फोन करते तो बहुधा बापाची तक्रार सांगायला, म्हणून मी हसतच उचलला. "काका, अब्बा गेले," एवढंच ती म्हणाली... न्हावी वस्तरा हातात धरून थांबला. मी त्याला म्हणालो, उरलेली उरक बाबा, मातीला जायचंय. तसाच अर्ध्या दाढीनं गेलो असतो तर रमजाननं पडल्या जागेवरून उठून माझी चेष्टा केली असती. वडूजला पोचेपर्यंत एसटीत मी कुणाशी बोललो नाही. मला ओळखणाऱ्यांना यावरून कल्पना यावी.

रमजान आतार म्हणजे आमच्या खटाव भागातला लाऊडस्पीकरवाला. मी प्राथमिक शाळेत मास्तर, पण खरी हौस माईकची. लग्न, जत्रा, कुस्त्यांचं मैदान, कुठंही निवेदन करायला मी तयार. आवाज माझा आणि कर्णे त्याचे, अशी आमची जोडी होती. त्याची एक पद्धत होती. मशीन लावलं, कर्णे झाडाला बांधले की तो मला म्हणायचा, "मास्तर, बोलत ऱ्हावा," आणि स्वतः चालायला लागायचा. वेशीपर्यंत, कधी त्याच्याही पुढं ओढ्यापर्यंत. तिथं उभा राहून कान द्यायचा. तिथं शब्द कळला तर आवाज चांगला, नाहीतर परत येऊन मशीनशी झटापट. जवळ बसून आवाज ऐकणं त्याला कधी जमलंच नाही. घरच्या बाबतीतही तेच. लग्नसराईत माणूस घरी नसायचाच. शबानाच्या लग्नातसुद्धा तो पाठवणीच्या वेळी मशीनपाशी उभा होता. लेक रडत गाडीत बसली आणि हा पट्ठ्या आवाज कमी-जास्त करत होता.

पाठवणीला तो वाजवायचा ते गाणं मात्र ठरलेलं. एका जुन्या गायिकेची भैरवी. लग्न झालं त्याच वर्षी त्यानं ती तबकडी सांगलीहून आणली होती. त्यात अंतऱ्याच्या आधी बाई श्वास घेतात आणि त्यांच्या हातातली बांगडी हलकेच वाजते, असं तो सांगायचा. "भोंग्यातनं न्हाई कळायची गड्या. घरी ऐकली तवा कळली. लय बारीक. पर जीव हाय तो त्या गाण्यातला." मी काही ती कधी ऐकली नव्हती. पुढं पाटणकडच्या एका लग्नात उन्हात राहून तबकडी वाकली. मग कॅसेट आली, मग पेन ड्राइव्ह. गाणं तेच, पण बांगडी नाही. कॅसेटवाल्यांनी खाल्ली, असं त्याचं ठाम मत होतं.

धंदा बंद केल्यावर तो घरात बसायला लागला तेव्हा आमच्या लक्षात आलं, त्याला ऐकू कमी येतंय. आयुष्य कर्ण्यांच्या गोंगाटात काढल्यावर दुसरं काय व्हायचं. साताऱ्याच्या कानाच्या डॉक्टरांकडे मीच घेऊन गेलो. त्यांनी कागदावर रेघ काढून दाखवली. जाड आवाज येतात, बारीक आवाज गेलेत, आणि हळूहळू बाकीचेही जातील. बाहेर आल्यावर रमजान उसाच्या रसाच्या गाड्यापाशी थांबला. मग म्हणाला, "मास्तर, सगळं जायच्या आदी ती बांगडी एकदा ऐकायची हाय." मी म्हटलं, ऐकू की. तेव्हा मला वाटलं होतं, हे काय, दोन दिवसांचं काम.

शबानानं मोबाइलवर गाण्यांची कंपनी लावून दिली. महिनाभर फुकट, पसंत पडली तर पुढं पैसे. हल्ली अशा कंपन्या चिक्कार आहेत आणि प्रत्येकीचं म्हणणं, गाणं गायलं तसंच्या तसं आमच्याकडेच मिळतं. रमजाननं पहिलीची परीक्षा आपल्या पद्धतीनं घेतली. माळ्यावरचं लग्नाचं मशीन खाली काढलं, मोबाइल त्याला जोडला, कर्णा खिडकीत ठेवला आणि मला घेऊन गल्लीच्या टोकाला जाऊन उभा राहिला. भरदुपारी ती भैरवी ऐकून शेजारची म्हातारी विचारायला आली, कुणाची पोरगी चालली? कंपनी नापास झाली. दुसरी कंपनी ब्लूटूथच्या डब्यावर ऐकली, तीही नापास. शबाना सांगलीहून आली तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. बिनतारेच्या डब्यावर पाठवताना मोबाइलच गाणं दाबून बारीक करतो म्हणे, आणि मोबाइलात डेटा वाचवायचं बटण चालूच होतं. म्हणजे आम्ही इतके दिवस पाट्यावर वाटलेल्या चटणीची चव साखरेच्या पाण्यात कालवून बघत होतो. तिनं तारेचा चांगला हेडफोन आणून दिला, मध्ये जोडायची एक छोटी डबी दिली, सगळी बटणं नीट लावली आणि बजावलं, "अब्बा, आता जवळ बसून ऐकायचं. लांब जायचं नाही."

मग सुरू झाला आमचा दुपारचा कारभार. एक कंपनी महिनाभर ऐकायची, मग दुसरी. पण आमचे दोघांचेही कान उतरलेले, निकाल द्यायचा कुणी? तेव्हा रमजाननं भाभींना हाक मारली. जैनबभाभींचे कान शाबूत. स्वयंपाकघरात बसून त्यांना दाराबाहेरची शेळी कळायची. त्या पदराला हात पुसत येऊन बसायच्या, हेडफोन लावायच्या, डोळे मिटायच्या. आम्ही दोघं निकालाला बसलेल्या पोरांसारखे त्यांच्या तोंडाकडे बघत. एकीत तंबोरा स्वच्छ येतो, एकीत बाईंचा आवाज जवळून आल्यासारखा वाटतो, एकीत तबला टणटण करतो, हे त्या बरोबर सांगायच्या. शेवटी रमजान विचारायचा, "आन् बांगडी?" भाभी मान हलवायच्या. "न्हाई आली." त्याचं तोंड उतरायचं. पण मला एक दिसत होतं. इतक्या वर्षांच्या संसारात हे नवरा-बायको दुपारचे शेजारी शेजारी बसलेले मी प्रथमच पाहत होतो.

कान मात्र थांबत नव्हते. दाराची कडी ऐकू येईना, मग कुकरची शिट्टी. एक दिवस नव्या कंपनीवर गाणं लावलं आणि त्यानं हट्टानं हेडफोन स्वतः घातला. त्याला वाटलं, एका कानावर नीट बसला नाही. भाभी वाकून तो सारखा करायला लागल्या, आणि नेमका अंतरा जवळ आलेला... रमजान एकदम ताठ बसला. "आली. आली, मास्तर. हाय ह्यात." त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. भाभींचा हात त्याच्या कानापाशी तसाच राहिला. हातातल्या हिरव्या काचेच्या बांगड्या हेडफोनला टेकल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघितलं.  त्याच दिवशी ती कंपनी कायमची ठरली. गावभर त्यानं तिची जी जाहिरात केली, तेवढी कंपनीनंसुद्धा केली नसेल.

त्यानंतर त्याला एक सवय पडली. जेवण झालं की तो भाभींना हाक मारायचा, "लाव गं हेडफोन. तुज्या हातानं नीट बसतो." अगदी शेवटच्या आठवड्यापर्यंत. तोवर त्याला बोललेलंही धड कळत नव्हतं, आम्ही खुणांवर आलो होतो. छातीत दुखायला लागलं तेव्हाही तो दुपारी खुर्चीतच होता, असं शबाना म्हणाली.

गेल्या आठवड्यात मी भेटायला गेलो. भाभी इद्दतीत आहेत. नवरा गेल्यावर काही महिने बाईनं घरातच राहायचं, परक्या पुरुषासमोर यायचं नाही, अशी त्यांच्यात रीत. मी बाहेरच्या खोलीत बसलो, त्या आतल्या पडद्याआड. समोर त्याची रिकामी खुर्ची आणि तिच्या हातावर अडकवलेला हेडफोन. शबानानं चहा आणून ठेवला.  

मग आतून भाभी म्हणाल्या, "मास्तर, त्या गाण्यात बांगडी न्हाईच वो."

मी म्हटलं, "हं."

"ती तबकडी आणली तवा मी नवी नवरी. त्या खोलीत त्यांच्या मागं बसून पीठ मळत व्हते. हात भरून चुडा व्हता. माझीच वाजली असंल. त्यांना वाटलं बाईची. मला ह्या कंपन्यांच्या नादात कळलं. पयल्याच दिवशी. समदं ऐकू यायचं, तीच तेवढी न्हाई." त्या थांबल्या. "कितींदा वाटलं, सांगावं. मग वाटायचं, सांगितलं तर हे ऐकायचंच सोडतील. आन् परत गल्लीच्या टोकाला जाऊन हुबं ऱ्हातील. आता रोज वाटतं, मी त्यांना फसवलं. फसवलं का वो, मास्तर?"

 मी चहाचा कप खाली ठेवला.

"भाभी," मी म्हणालो, "रमजाननं उभ्या जन्मात मशीनची वायर दुसऱ्या कुणाला लावू दिली होती का? मला माईकचं बटणसुद्धा दाबू द्यायचा नाही. त्या माणसाला हेडफोन घालता येत नव्हता?"

 पडद्यामागं त्या रडायला लागल्या, आधी दबून, मग मोकळ्या. आत त्या पदरानं डोळे पुसत असणार, हात वर-खाली होत असणार. पण बांगडीचा आवाज काही आला नाही. हात आता मोकळे होते.