दाढेचं दुसरं रूट कॅनल आणि माझे दोन हात

माझ्या उजव्या दाढेचं रूट कॅनल दोनदा झालं, आणि दुसऱ्या वेळी मला लकवा मारून गेला, असं आमच्या घरात अजून सांगतात.

पहिलं होऊन बरीच वर्षं लोटली होती. यंदा थंडीत दाढ पुन्हा ठणकू लागली, म्हणून पेणला रामवाडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी एक्स-रे दाखवला. "काकी, मुळाचं टोक झिजलंय, खाली पू धरलाय, आणि मुळातली एक नळी तेव्हा भरायची राहूनच गेलीय. कॅप काढून सगळं पुन्हा करायला लागेल. तीन-चार वेळा यावं लागेल." मला खरं तर बरं वाटलं. हे गेल्यापासून रोह्याजवळच्या वरसेच्या घरात मी आणि फ्रिज असे दोघंच असतो, आणि दोघांत फ्रिज जास्त बोलतो. कुणीतरी पुन्हा पुन्हा ये म्हणतंय, हे काय थोडं झालं?

शनिवारी सकाळी इंजेक्शन घेऊन, अर्धं तोंड बधिर अशी एसटीने घरी आले. शनिवारी दुपारी एकला पुण्याहून माझ्या मुलाचा, संदीपचा, व्हिडिओ कॉल येतो. "जेवलीस? गोळ्या घेतल्यास? चल, ठेवतो," एवढाच. (त्यासाठी मी साडी बदलून बसते, ते सोडा.) आज सांगण्यासारखं काहीतरी होतं, म्हणून मी जोरात सुरुवात केली. तोंडातून आलं नुसतं "हाह... हाह", आणि उजव्या कोपऱ्यातून चहा.

"आई, तोंड वाकडं का झालंय? लकवा तर नाही ना? दोन्ही हात वर कर!"

एका हातात फोन होता, म्हणून मी एकच वर केला.

"दुसरा?"

फोन या हातातून त्या हातात घेतला आणि दुसरा वर केला. पहिला अर्थात खाली आला. संदीपचा आवाज चिरकला. मग मी फोनसकट दोन्ही हात वर केले, तर त्याला दिसला पंखा. आई पडली, अशी त्याची खात्रीच झाली.

थोड्याच वेळात शेजारची सुशीला दारात. "काय झाला गो काकी? संदीप रडतोय फोनवर."

मी गालावर बोट ठेवलं.

"व्हय, तीच बाजू गेलीय. बोलू नको तू," म्हणत तिने माझे तळपाय तेलाने चोळायला घेतले आणि नवऱ्याला रिक्षा आणायला पिटाळलं. रिक्षा मिळायलाच तास गेला; ती रोह्याच्या दवाखान्याशी थांबली तेव्हा कुठे इंजेक्शन उतरलं आणि मी स्वच्छ म्हणाले, "दाढ आहे गं बाई, दाढ." लगेच संदीपला फोन लावला, पण तो तोवर ताम्हिणी घाटात, रेंजच्या बाहेर.

संध्याकाळी तो सुनेला घेऊन पोचला तेव्हा मी अंगणात वालाच्या शेंगा निवडत होते. तो रागावला नाही. माझे दोन्ही हात धरून पायरीवर नुसता बसून राहिला. मला इतकं बरं वाटलं की त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली. सुशीलाने मडक्यात घालायला भांबुर्ड्याचा वासाचा पाला आणला, तिच्या नवऱ्याने शेंगा भरलेलं मडकं उपडं ठेवून भोवती जाळ केला आणि पोपटी लावली, आणि मी डाव्या बाजूने चावत संदीपला दाढेच्या मुळापासून सगळं सांगितलं. त्याने सगळं ऐकलं.

सकाळी ते गेले. मी मडकं धुऊन ठेवलं. फ्रिज पुन्हा बोलायला लागला.

पुढच्या शनिवारी डॉक्टरीणबाई सुई भरत म्हणाल्या, "काकी, आज थोडंच देते. तासाभरात उतरेल."

"नको, चांगलं भरपूर द्या," मी म्हणाले. "एकला फोन येतो, तोवर तोंड वाकडं राहायला हवं."